आलेखावरची वेलांटी

‘वडीगोद्री’ ही आपल्या डोळ्यांना चार अक्षरे. संगणकाच्या लेखी मात्र त्या नऊ खुणा आहेत: व, ड, दुसरी वेलांटी, ग, ओकार, द, पाय मोडल्याची खूण, र आणि पुन्हा दुसरी वेलांटी. नवांची चार अक्षरे करायचे काम कुणाला तरी करावे लागते. शास्त्रीय आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते फार काळ कुणाच्याच वाट्याला आले नव्हते.

मी अंबड तालुक्यातल्या पावसाचे आलेख काढतो. इकडे पावसाच्या आकड्यावर मोसंबीची बाग उभी राहते किंवा वाळते. ज्याची बाग आहे त्यालाच आलेख वाचता येत नसेल, तर तो काढायचा कुणासाठी? म्हणून अक्षांवरची नावे मराठीतच हवीत, हा माझा हट्ट.

ग्नूप्लॉट १९८६ मधले. त्याच दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे काम झाले; पुढे पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ नावाने ते वाढवले. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. दोन्हींचे तत्त्व एकच: खुणा उच्चाराच्या क्रमाने साठवायच्या, दिसण्याच्या नव्हे. शोधायला, अकारविल्हे लावायला हेच सोयीचे. माझ्या मते तो निर्णय अगदी योग्य होता, पण त्यामुळे अक्षर जुळवण्याचा भार चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमवर पडला.

जॉन हंटर या मेंदू-संशोधकाचे मॅटप्लॉटलिब २००३ साली आले. त्याच्या नेहमीच्या ‘डेजाव्हू’ फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. मराठी लिहिले की रिकाम्या चौकटी उमटतात. फॉन्ट बदलला की अक्षरे येत, पण एकामागून एक, जशी साठवली तशी. ‘मिलिमीटर’मधली पहिली वेलांटी म सोडून ल ला चिकटे, ल ची पुढच्या म वर जाई आणि त्या बिचाऱ्या म ला दोन्ही वेलांट्या मिळत. ‘द्री’चा द पाय मोडून एकटाच उभा राही.

गंमत अशी, की श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत हा घोळ होत नसे. त्यांत तुकडे दिसण्याच्या क्रमानेच टंकले जात. मात्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच आलेख उघडला, की पावसाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा! आकृती दिसायला मराठी, पोटात मराठी नाही.

फॉन्टचा दोष म्हणावा, तर तसेही नव्हते. र. कृ. जोशींचा ‘मंगल’ विंडोज २००० बरोबर घरोघर पोचला, त्यात जोडाक्षरे होती. कुठल्या खुणांच्या जागी कुठला आकार बसवायचा, याचे तक्ते ओपनटाइप फॉन्टच्या आतच असतात. ते वाचणारा मध्यस्थ हवा. हार्फबझ हा असा एक मध्यस्थ. त्याचे नाव फारसी, त्यातला ‘हर्फ’ म्हणजे अक्षर. ग्नूप्लॉटचा कैरो-पँगोवाला मार्ग असाच मध्यस्थ वापरतो, म्हणून तिथे ‘वडीगोद्री’ धड उमटते. मॅटप्लॉटलिबच्या मूळ बांधणीत मात्र वीस वर्षे उलटली तरी ही सोय नव्हती. मराठीसाठी आकृती झीलाटेककडून काढून घ्यावी लागे.

सध्या मी ग्नूप्लॉटनेच आलेख काढतो. आडव्या अक्षावर जून ते सप्टेंबर, उभ्यावर मिलिमीटर, दोन्ही वेलांट्या आपापल्या जागी.