वाळवंट शिकवायचं कोणी? ॲरिझोनातल्या प्राथमिक शाळांची एक गोष्ट



वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वाळूच्या टेकड्या, एखादा उंट, आणि बाकी काही नाही. हे जे 'बाकी काही नाही' आहे ना, त्याबद्दलच आज बोलायचं आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलांना वाळवंटातली झाडं हाताळून, मोजून, वास घेऊन कशी शिकवली गेली, हा आजचा विषय. वरवर बघता हा शिक्षणपद्धतीचा विषय आहे. पण जरा खोलात गेलं की प्रश्न येतो तो असा: त्या जमिनीची माहिती कोणाकडे होती, आणि तिथं शिकवायला कोणाला उभं केलं?

आपण जाणार आहोत अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या आसपास. हे सोनोरन वाळवंट. त्याचा मोठा भाग शेजारच्या मेक्सिकोत आहे. टूसॉनला वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. पण तो दोनदा पडतो. हिवाळ्यात रिमझिम आणि उन्हाळ्यात गडगडाटी. आणि गंमत बघा, या उन्हाळी पावसाला तिथली माणसं 'मॉन्सून'च म्हणतात. दोनदा पाऊस असल्यामुळे हे वाळवंट चांगलंच हिरवं आहे, आणि त्याची खूण म्हणजे सवारो. स्पेलिंगमध्ये 'ग' आहे, पण तो उच्चारत नाहीत. चित्रपटात घोड्यावरच्या नायकामागे हात वर केलेला जो उंच निवडुंग दिसतो, तोच हा.

हा सवारो चाळीस-पन्नास फूट उंच होतो, दीडशे वर्षांच्या पुढेही जगतो. त्याचे ते 'हात' फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. आणि पहिल्या आठ वर्षांत तो किती वाढतो? एक ते दीड इंच. म्हणजे तिसरीतलं आठ वर्षांचं मूल आणि त्याच्याच वयाचा सवारो शेजारी ठेवला, तर सवारो त्या मुलाच्या अंगठ्याएवढाही भरणार नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता इतिहासाकडे येऊ. निसर्ग पुस्तकातून न शिकवता प्रत्यक्ष वस्तू मुलाच्या हातात द्यावी, हा विचार अमेरिकेत जोरात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. लुई अगासी हे हार्वर्डचे मोठे प्राणिशास्त्रज्ञ. १८७३ च्या उन्हाळ्यात त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ पेनिकीज नावाच्या छोट्या बेटावर शाळाशिक्षकांसाठी वर्ग भरवला. शिक्षक आणि शिक्षिका दोघंही होते. आधी बघा, मग बोला, असा त्यांचा खाक्या. त्याच वर्षअखेरीस ते वारले, पण बीज पडलं होतं. १८९१ मध्ये विल्बर जॅकमन यांचं सर्वसामान्य शाळांसाठीचं निसर्ग-अभ्यासाचं पुस्तक आलं. पुढं न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली आणि ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांनी या विचाराची चळवळ केली.

ती चळवळ उभी राहिली यामागे एक रोखठोक कारण होतं. १८९० च्या दशकात तिथं शेतीत मंदी आली आणि खेड्यातली तरुण मुलं शहराकडे धावू लागली. मुलांना लहानपणापासून आपल्या शेताबांधाची ओळख आणि गोडी लागली तर ती टिकतील, या आशेनं राज्य सरकारनं या कामाला पैसा दिला. शिक्षकांसाठी पत्रकं निघाली, मुलांची मंडळं निघाली. १९११ मध्ये कॉमस्टॉकबाईंचा जाडजूड हातपुस्तक-ग्रंथ आला. शिक्षिकेला स्वतःला काही माहीत नसलं तरी चालेल, मुलांबरोबर बघत बघत शिका, असा त्याचा सूर. फार मोकळा, फार चांगला विचार. पुढच्या अनेक पिढ्यांनी तो वापरला.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हे सगळं जन्मलं ते पावसाळी, थंड पूर्व किनाऱ्यावर. तिथली झाडं म्हणजे मेपल. तिथं शरद ऋतूत पानं लाल होतात, गळतात, बर्फ पडतो, वसंतात पालवी फुटते. वर्ग, पाठ, चित्रं, सगळं या चार ऋतूंवर बेतलेलं. ॲरिझोना राज्य झालं १९१२ मध्ये, म्हणजे तो ग्रंथ निघाल्यावर एका वर्षानं. तिथल्या मुलाच्या दाराशी काय होतं? ओकोटियो नावाचं काटेरी झुडूप. पाऊस पडला की काही दिवसांत त्याला पानं येतात, कोरडं पडलं की गळतात, आणि हे वर्षातून चार-पाच वेळा होऊ शकतं. पालो वेर्दे नावाचं झाड, ज्याची सालच हिरवी, पानं नसली तरी ते खोडानं अन्न बनवतं. तिथली जाणकार मंडळी ऋतू पाच मानतात. उन्हाळ्याचेच दोन भाग, एक कोरडा आणि एक पावसाचा. चार ऋतूंचा तक्ता भिंतीवर लावला, तर मुलाला खिडकीबाहेर जे दिसतं ते चुकीचं वाटायला लागतं. पद्धत आली होती, जागा आली नव्हती.

जागेचा अभ्यास करणारे लोक मात्र जवळच होते. १९०३ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेनं टूसॉनला लागून असलेल्या टुमामॉक टेकडीवर वाळवंटाची प्रयोगशाळा काढली. थोड्याच वर्षांत टेकडीभोवती कुंपण घालून गुरं बंद केली, आणि व्होल्नी स्पॉल्डिंग या वनस्पतिशास्त्रज्ञानं जमिनीचे चौकोन आखून त्यातलं एकेक झाड नोंदवायला सुरुवात केली. त्यातले काही चौकोन आजही मोजले जातात. १९०८ मध्ये फॉरेस्ट श्रीव्ह तिथं आले आणि त्यांनी उरलेलं आयुष्य या वाळवंटाला दिलं. मोठं काम, यात वाद नाही. पण ते शास्त्रज्ञांचं काम होतं, शास्त्रज्ञांसाठी होतं.

आणि आता तिसरी मंडळी. खरं तर त्यांना पहिलं म्हणायला हवं. या भूमीत राहणारे तोहोनो ऑधम लोक. त्यांच्या नावाचा अर्थच 'वाळवंटाची माणसं'. बाहेरचे लोक त्यांना 'पापागो' म्हणत. १९८६ मध्ये त्यांनी अधिकृतपणे ते नाव टाकून स्वतःचं नाव घेतलं. त्यांचं वर्ष सुरू होतं सवारोची फळं पिकतात तेव्हा, जूनच्या शेवटी. कुटुंबंच्या कुटुंबं वाळवंटात मुक्काम करतात. मेलेल्या सवारोच्या आतल्या लाकडी फासळ्या एकमेकींना बांधून लांब काठी करतात, तिला वर आडवा तुकडा, आणि तिनं फळं पाडतात. आपल्याकडे आंबे-चिंचा काढायला आकडी असते ना, त्याच जातीची वस्तू. गर काढला की साल जमिनीवर ठेवायची ती लाल बाजू आभाळाकडे करून, पाऊस लवकर यावा म्हणून. गराचा पाक होतो, त्यापासून पावसाच्या विधीचं पेय होतं. सवारो त्यांच्या लेखी झाड नसतो, माणूस असतो. त्याला दगड मारायचा नाही.

आता सांगा, यात मूल काय काय शिकतं? फळ कधी पिकतं, कोणते पक्षी आधी येतात, पाऊस किती दूर आहे, काठीला कोणतं लाकूड चालतं, आणि कशाला हात लावायचा नाही. ज्याला आपण 'कृतीतून शिक्षण' म्हणतो ते याहून वेगळं काय असतं? शिवाय शिकवणारी आजी.

आणि नेमक्या त्याच वर्षांत, पूर्वेकडच्या शिक्षिका मुलांना घेऊन ओढ्याकाठी जात होत्या तेव्हा, सरकार आणि मिशन मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत नेत होते. टूसॉनची मिशनची शाळा १८८८ ची. फिनिक्सची सरकारी इंडियन स्कूल १८९१ ची, ती थेट १९९० पर्यंत चालली. या शाळांचा सुरुवातीचा हेतू लपवलेला नव्हता: मुलांची भाषा, वेश, चालीरीती पुसून टाकायच्या. केस कापले जात, इंग्रजीच बोलायची सक्ती असे, मुलं गोऱ्या कुटुंबांकडे घरकामाला आणि शेतकामाला पाठवली जात. एका देशात, एका काळात, एका प्रकारच्या मुलांना सांगितलं जात होतं की घराबाहेर जा आणि निसर्ग बघा. आणि दुसऱ्या प्रकारच्या मुलांना, ज्यांना तो निसर्ग आधीच ठाऊक होता, त्यांना तो विसरायला लावलं जात होतं. निसर्ग-अभ्यासाच्या इतिहासात या दोन गोष्टी सहसा एकाच पानावर लिहिल्या जात नाहीत. मला वाटतं, लिहायला हव्यात.

पुढं काय झालं? १९३३ मध्ये सवारोच्या एका दाट रानाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पण दहा वर्षांच्या आतच शास्त्रज्ञ घाबरले, कारण मोठे सवारो सडून पडत होते. एखादा रोग असावा असं धरून काही झाडं तोडून पुरलीही. मग हळूहळू उलगडा होत गेला. कडाक्याच्या थंडीत म्हातारी झाडं इजा पावत होती, आणि सडणं बरंचसं त्यानंतरचं होतं. पण खरी पोकळी खाली होती: लहान सवारोच नव्हते. सवारोचं रोप उघड्यावर जगत नाही. त्याला पालो वेर्दे किंवा मेस्क्वीटच्या सावलीत वाढावं लागतं. अशा झाडाला तिथं 'दाई-झाड' म्हणतात. गुरांनी जमीन तुडवली, लोकांनी सरपणासाठी दाई-झाडं तोडली, आणि पुढची पिढी उगवलीच नाही. सगळ्यांच्या नजरा वर, चाळीस फुटांवर. खाली, झुडपाच्या बुंध्याशी, इंचभर काय आहे किंवा नाही, ते बघायला वाकावं लागतं. आणि वाकून बघण्यात आठ वर्षांच्या मुलाचा हात कोण धरणार?

१९५२ मध्ये टूसॉनबाहेर ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम उघडलं. त्याचे संस्थापक विल्यम कार हे न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटनमध्ये पायवाटेवरचं निसर्ग-संग्रहालय उभारून आलेले, आणि आर्थर पॅक निसर्गविषयक मासिकाचे संपादक. म्हणजे पूर्वेकडची परंपरा इथं आली, पण या वेळी तिनं इथलीच झाडं आणि इथलेच प्राणी समोर मांडले. हॅल ग्रास हे तिथले गृहस्थ प्राणी गाडीत घालून शाळाशाळांत नेत. त्या उपक्रमाचं नाव 'डेझर्ट आर्क'. दरम्यान शाळांत निसर्ग-अभ्यास मागं पडून त्याची जागा 'विज्ञान' या विषयानं घेतली होती, आणि १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक सोडल्यावर तर सगळा भर अवकाश आणि भौतिकशास्त्रावर गेला. अशा काळात ही गाडी शाळेच्या दारात येत होती, हे विसरून चालणार नाही.

वाळवंटातला चांगला पाठ दिसतो तरी कसा? साध्या गोष्टी आहेत. दोन ओले स्पंज घ्यायचे. एकाला मेणकागद गुंडाळायचा, दुसरा तसाच. दोन्ही उन्हात ठेवून तासाभरानं वजन करायचं. निवडुंगाची साल मेणचट का असते, ते मूल स्वतःच सांगतं. कागदाला पंख्यासारख्या घड्या घालायच्या, नळी करायची, आणि ती फुगवून-आवळून बघायची. सवारोच्या अंगावरच्या चुण्या पाऊस पिऊन अशाच उघडतात. पालो वेर्देच्या सावलीत एक थर्मामीटर, उघड्यावर एक. क्रिओसोट झुडपाची पानं ओंजळीत धरून त्यावर तोंडानं वाफ सोडायची आणि हुंगायचं: तिथल्या माणसाला विचाराल तर हाच पावसाचा वास. आणि शेवटी दाई-झाडाखाली गुडघे टेकून आपल्या वयाचा सवारो शोधायचा. १९९० पासून सवारोच्या त्या रानात, जे आता राष्ट्रीय उद्यान आहे, दर दहा वर्षांनी सवारोची गणती होते. त्यात सामान्य स्वयंसेवक मोजायला जातात.

पण १९९० च्या दशकात गॅरी नबान आणि सारा सेंट अँटोइन यांनी तिथल्या मुलांशी बोलून जे मांडलं, ते काळजी करायला लावणारं होतं. वाळवंटात वाढणाऱ्या बहुसंख्य मुलांनी रानातल्यापेक्षा जास्त प्राणी टीव्हीवर बघितले होते. यात ऑधम मुलंही होती. म्हणजे निवासी शाळांनी जे तोडलं, ते पुढं पडद्यानं तुटलेलंच ठेवलं. म्हणून आज ऑधम समाजात सवारोच्या मोसमात मुलांना बरोबर घेऊन काठ्या घेऊन जाणं, हा केवळ सण उरत नाही. ती शाळा आहे, त्यांची स्वतःची.

आपला याच्याशी काय संबंध? एक संबंध अगदी बांधावरचा आहे. आपल्याकडचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा, इंग्रजांच्या काळात इथं फोफावला. माळावर माजलेली वेडी बाभूळ ही मेस्क्वीटचीच बहीण. आणि तीनधारी निवडुंग मात्र निवडुंगच नव्हे. त्यातून पांढरा चीक निघतो, तो एरंडाच्या कुळातला. बहुतेक खऱ्या निवडुंगांना असा चीक नसतो. (तो चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, म्हणून हा पाठ मोठ्यांनी दाखवायचा, मुलांनी लांबून बघायचा.) दुसरा संबंध शब्दाचा आहे. आपण माण, खटाव, आटपाडीच्या मुलांना सांगतो की तुम्ही 'दुष्काळी भागातले'. तो शब्द प्रशासनाच्या कामाचा असेल. पण दहा वर्षांच्या मुलाच्या कानावर तो पडतो तेव्हा त्याचा अर्थ होतो: तुझ्याकडे बाकी काही नाही. मग बोर कधी धरते, तरवड कधी फुलतो, मेंढ्या कोणत्या झाडाच्या शेंगांवर तुटून पडतात, हे जिला माहीत आहे त्या आजीला आपण शाळेत कधी बोलावणार?

ॲरिझोनाचा अनुभव एवढंच सांगतो. चांगली पद्धत पूर्वेकडून आली, मोजमाप प्रयोगशाळेतून आलं, आणि ज्ञान आधीपासून तिथंच होतं. पहिल्या दोघांचं स्वागत झालं आणि तिसऱ्याला शिक्षा झाली. त्यामुळे मुलांचं नुकसान झालं, आणि झाडांचंही. आपल्याकडे अजून पुष्कळ आज्या आहेत. उशीर झालेला नाही, पण वेळही फार नाही.