जर्मनीतील वास्तव्य आणि कागदपत्रांचा प्रपंच

नोकरी वा शिक्षणासाठी जर्मनीत गेलेल्या परकीय नागरिकास घर मिळताच पहिली धाव नोंदणी कार्यालयाकडे घ्यावी लागते. २०१५ पासून लागू असलेल्या संघीय नोंदणी कायद्यानुसार, नव्या घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद, म्हणजे 'आनमेल्डुंग', बंधनकारक आहे. त्यासाठी पासपोर्टबरोबर घरमालकाचे लेखी पुष्टिपत्र लागते; नुसता भाडेकरार पुरत नाही. नोंद झाल्यावर ११ अंकी करक्रमांक टपालाने घरी येतो. टपालपेटीवर आडनाव नसल्यास हे पत्र परत जाऊ शकते.

खरी जोखीम वास्तव्य परवान्याची. तो देणाऱ्या 'आउसलेंडरबेहोर्डे' या कार्यालयात भेटीची वेळ मिळण्यासच मोठ्या शहरांत अनेक आठवडे जातात. दरम्यान दीर्घ मुदतीच्या व्हिसाची वा परवान्याची मुदत संपली, तर वास्तव्य बेकायदा ठरण्याची भीती असते. मात्र वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ नुसार, मुदतीपूर्वी अर्ज केलेला असल्यास निर्णय होईपर्यंत जुना परवानाच वैध मानला जातो. तसे तात्पुरते प्रमाणपत्रही मिळते. त्यास 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' म्हणतात. साहजिकच, भेटीची वाट न पाहता अर्ज वेळेत दाखल करणे आणि त्याची पोच जपून ठेवणे अत्यावश्यक ठरते.

परवान्याची मुदत सहसा पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही. त्यामुळे भारतीयांनी वकिलातीतून पासपोर्टचे नूतनीकरण आधीच करून घ्यावे. जन्म व विवाहाचे दाखले शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच जर्मनमध्ये भाषांतरित करून घ्यावेत, आणि मूळ प्रत कोणत्याही खिडकीवर सोडून येऊ नये.