जुने फोटो आणि मोफत प्लगइन

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी सभासद घरातले जुने फोटो स्कॅन करून पाठवतात, आणि सोबत बहुतेकांची एकच विनंती असते, "जरा छान करून घ्या." यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. आम्ही जिंप हा मोफत प्रोग्राम आणि त्याला जोडायचा जीमिक हा प्लगइन वापरतो. जीमिक फ्रान्समधील एका संशोधन प्रयोगशाळेत २००८ पासून तयार होत आहे आणि त्यात पाचशेहून अधिक इफेक्ट आहेत. त्यातले आपल्या कामाचे जेमतेम दहा.

बसवताना जिंप बंद ठेवावे. जिंप २.१० आणि ३.० यांसाठी जीमिक वेगवेगळे मिळते. चुकीचे उतरवले तर ते मेनूत दिसतच नाही, आणि बरेच जण तिथेच नाद सोडतात. नीट बसले की 'फिल्टर्स' मेनूत सापडते.

'आर्टिस्टिक' विभागात फोटोचे तैलचित्र किंवा पेन्सिलचित्र होते. मुखपृष्ठाला ते शोभते, आतल्या पानांवर मात्र चेहरे ओळखू येत नाहीत. आमच्या मते खरा उपयोग 'रिपेअर' विभागाचा. डागावर पेन्सिल टूलने शुद्ध लाल रंग भरायचा आणि 'इनपेंट' चालवायचे. आजूबाजूचा भाग पाहून तो डाग भरून काढतो. 'स्मूथ'ने स्कॅनमधले रवाळ ठिपके कमी होतात. जास्त ओढले तर माणसे मेणाची दिसतात.

मागे आमच्याच हातून एक चूक झाली. मुंजीच्या एका फोटोतला बुरशीचा डाग काढताना शेजारी शाईने लिहिलेले सालही पुसले गेले. चेहरे गुळगुळीत केले, तर आजींच्या कपाळावरचे गोंदण गेले. वर फाइल मेनूतले 'ओव्हरराइट' दाबले. मूळ फोटो एव्हाना त्या घरच्या रंगकामात गहाळ झाला होता. ती मुंज कोणत्या वर्षीची, हे सांगणारे आता कोणी नाही.

बँकेत आम्ही लेजरमधली चुकीची नोंद कधी पुसली नाही. एक रेघ मारून शेजारी सही करायचो. खालचा आकडा वाचता यायलाच हवा. फोटोवर हाताने रंग चढवण्याची चाल आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून आहे. तेव्हाही रंग कागदावरच्या प्रतीवर चढे, काचेच्या निगेटिव्हवर नाही.

म्हणून आता फाइल उघडल्याबरोबर आम्ही लेयरची दुसरी प्रत करतो. जीमिकच्या खिडकीत 'आउटपुट' आपोआप 'इन प्लेस' असते, ते बदलून 'न्यू लेयर' करतो. इफेक्ट भडक वाटला तर त्या लेयरची ओपॅसिटी चाळीस-पन्नास टक्क्यांवर आणतो. बहुधा तेवढे पुरते. काम एक्ससीएफमध्ये सेव्ह करतो आणि छपाईसाठी 'एक्स्पोर्ट अ‍ॅज'ने नव्या नावाची प्रत काढतो.

काही सभासदांकडे निक कलेक्शन आहे. गूगलने ते २०१६ मध्ये मोफत केले होते. २०१७ मध्ये डीएक्सओ कंपनीने घेतल्यावर पुढच्या आवृत्त्या विकत झाल्या. जुनी आवृत्ती चालत असेल तर कृष्णधवलसाठी त्यातले सिल्व्हर इफेक्स उत्तम.

फोटो पाठवताना ६०० डीपीआयला स्कॅन करावा आणि मागची बाजूही स्कॅन करावी. नावे, गाव, साल बहुधा तिथेच लिहिलेले असते.