डोक्यातील कळ आणि सुईची धार

पनवेल, प्रतिनिधी : मानेच्या वरच्या टोकापासून टाळूपर्यंत विजेसारखी जाणारी कळ आणि दात घासताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच गालातून उसळणारी कळ, या दोन्हींना रुग्ण 'शीर दुखते' असेच म्हणतो. मात्र हे विकार भिन्न आहेत. अ‍ॅक्युपंक्चरच्या सुईलाच पात्याची धार देणाऱ्या 'सुई-चाकू' उपचाराचा विचार करताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो.

ही पद्धत चीनमधील डॉ. झू हानझांग यांनी १९७६ मध्ये विकसित केली. नेहमीची सुई ऊती केवळ टोचते. या सुईचे टोक चपटे व धारदार असते. घट्ट झालेले स्नायू, त्यांची आवरणे व चिकटलेल्या ऊती तिने आतल्या आत किंचित कापून सैल केल्या जातात. त्यामुळे ही छोटी शस्त्रक्रियाच ठरते.

डोक्याच्या मागील कळेत (ऑक्सिपिटल न्यूराल्जिया) मानेतून वर येणारी शीर स्नायूंच्या थरांत आवळली गेली असल्यास या उपचारामागील तर्क समजू शकतो. चेहऱ्याच्या कळेचे (ट्रायजेमिनल न्यूराल्जिया) तसे नाही. तेथे बहुधा कवटीच्या आत एखादी रक्तवाहिनी शिरेच्या मुळावर दाब देत असते आणि सुई तेथवर पोहोचत नाही. त्यावर कार्बामाझेपिन हे प्रथम पसंतीचे औषध असून ते पुरेसे न पडल्यास दाब दूर करणारी शस्त्रक्रिया करता येते. दाढेचे दुखणे समजून चांगले दात काढून घेतलेले रुग्णही आढळतात, हे विशेष!

सुई-चाकूविषयीचे अभ्यास मुख्यतः चीनमधील व लहान आहेत. त्यांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. धोका मात्र स्पष्ट आहे. मानेच्या वरच्या भागात मेंदूला रक्त पुरवणारी धमनी व मज्जारज्जू अगदी जवळ असतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी अधिकच सावध राहावे. अचानक उद्भवलेली तीव्र डोकेदुखी, ताप, हातापायांतील अशक्तपणा किंवा दृष्टिदोष असल्यास सुईऐवजी थेट रुग्णालय गाठावे.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा असून त्यानुसार परिषदेकडे व्यावसायिकांची नोंदणी होते. पनवेलमध्ये उपचार घेणाऱ्यांनीही नोंदणी क्रमांक विचारावा. तथापि सुई टोचण्याची नोंदणी म्हणजे ऊती कापण्याचे प्रशिक्षण नव्हे. ते कोठे व किती काळ घेतले, हे स्वतंत्रपणे विचारणे रास्त ठरते.