वेग आणि ब्रेक

१९५९ साली इंग्लंडमध्ये ॲलेक इसिगोनिस यांची 'मिनी' ही चिमुकली मोटार रस्त्यावर आली. ८४८ सीसीचं इंजिन, ३४ अश्वशक्ती. सामान्य कुटुंबाला परवडावी, एवढाच हेतू. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांना मात्र तिच्यात शर्यतीची गाडी दिसली. इसिगोनिस फारसे राजी नव्हते, तरी १९६१ मध्ये 'मिनी कूपर' निघालीच. पिस्टनची धाव वाढवून इंजिन ९९७ सीसीचं केलं, एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवले. ताकद ५५ अश्वशक्तीवर गेली! पुढं १९६४ची माँटे कार्लो रॅली तिच्याच 'कूपर एस' या भावंडानं जिंकली.

मला भावलं ते वेगळंच. इंजिनाबरोबर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले होते. गाड्यांचं वेड असलेल्या आमच्या नातवंडांनी एवढं जरूर ध्यानात ठेवावं.