बोअर बदलायचा आहे

भाच्याचा नागपूरहून फोन आला. ‘मामा, बोअर बदलायचा आहे. अर्ज मराठीत लिहून द्या.’ फोन स्पीकरवर होता. आई आतून म्हणाली, ‘आटला का? मारून दोन वर्षं नाही झाली.’

तिचं काही चुकलं नाही. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्यात बोअर म्हणजे काळ्या मातीखालचा चुनखडक फोडून पाण्यापर्यंत नेलेलं भोक. तो मारतात, मग तो लागतो किंवा कोरडा जातो. भाच्याचा बोअर पिस्तुलाचा होता. पोरगा नेमबाज आहे. त्याच्याकडे पॉइंट टू टूचं, म्हणजे ५.६ मिलिमीटरचं स्पर्धेचं पिस्तूल आहे. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण घेतलं, तेही याच मापाच्या गोळीवर. भाच्याला आता सेंटर फायर प्रकारात उतरायचं आहे. तिथे ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरची गोळी लागते. बहुतेक जण पॉइंट थ्री टू वापरतात.

त्यासाठी दुसरं पिस्तूल घ्यावंच लागतं असं नाही. वॉल्थर, पार्दिनी अशा कंपन्यांची काही पिस्तुलं अशी घडवलेली असतात की मूठ आणि चाप तेच ठेवून वरचा भाग बदलता येतो. नुसत्या नळीनं मात्र भागत नाही. बावीसच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या काठात असतो, बत्तीसच्या काडतुसात बुडाच्या मधोमध. म्हणजे फायरिंग पिन काठाऐवजी मध्यावर पडायला हवी. शिवाय बत्तीसचा धक्का मोठा, काडतूस जाड. मग स्प्रिंग बदला, मॅगझिन बदला. मूठ मात्र जुनीच राहते. ती तळहाताच्या मापानं कोरून घेतलेली असते, आणि नेमबाज ती सहसा सोडत नाही.

हे घरी बसून करायचं काम नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्र बनवण्याबरोबर त्यात फेरफार करण्यालाही परवान्याचं बंधन आहे, आणि परवान्यावर बोअर लिहिलेला असतो. म्हणून अर्ज. आणि म्हणून मी शब्द शोधत बसलो.

आईचा बोअर आणि भाच्याचा बोअर हे सख्खे भाऊ आहेत. इंग्रजीत ते मुळात भोक पाडण्याचं क्रियापद. जमिनीत पाडा नाहीतर पोलादात. भाषण ऐकून आपण ‘बोअर’ होतो, तो अठराव्या शतकात उगवलेला; त्याचं कूळ नक्की सांगता येत नाही. बंदुकीच्या बोअरचा हिशेबही उलटा चालतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. त्यामुळे सोळा बोअर बारापेक्षा बारीक. ‘थ्री नॉट थ्री’ मात्र सरळ माप, इंचाचे हजारातले ३०३ भाग. गडचिरोलीच्या बातम्यांत जप्त शस्त्रांच्या यादीत बारा बोअर आणि थ्री नॉट थ्री शेजारी बसतात आणि त्यांच्याजवळ अस्सल आपली ‘भरमार’ असते. तोंडातून भरा आणि मारा; माप विचारायचं नाही.

बोअर नको तर ‘कॅलिबर’ लिहावं का? हा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आला, पण त्याचं घर अरबी ‘कालिब’ म्हणजे साचा. त्याच्याही मागे ग्रीक भाषेतला चांभाराचा लाकडी ठोकळा असावा, असं व्युत्पत्तिकार मानतात. लाकूड अधिक पाऊल, अशी त्याची फोड. आपल्याकडचे कारागीर त्या ठोकळ्याला फर्मा म्हणतात. ऑफिसात कुणी ‘मोठ्या कॅलिबरचा माणूस’ म्हटलं की मला आता जोडेच दिसतात.

काडतूस पोर्तुगिजांचं, कार्तुश. मुळात कागदाची सुरळी. १८५७ साली शिपायांनी दातांनी तोडायला नकार दिला, ती कागदीच होती. मराठी कानाला मात्र त्यात काडी आणि तूस ऐकू येतात, आणि रिकामं काडतूस खरंच तुसासारखं उडून पडतं. व्युत्पत्ती म्हणून हे खोटं आहे, पण मला आवडतं. बंदुकीचं मूळ अरबी ‘बुंदुक’, म्हणजे टणक कवचाचं एक गोल फळ. फळावरून गोळी आणि गोळीवरून हत्यार.

पिस्तुलाकडे आलो तेव्हा अर्ज बाजूलाच राहिला. या शब्दाचं एक मूळ चेक भाषेतलं ‘पिश्चाला’ मानतात. अर्थ शिटी, पावा. पंधराव्या शतकातल्या हुसाइट युद्धांत तिथल्या लोकांनी छोट्या हातबंदुकीला हे नाव दिलं. इटलीतल्या पिस्तोया गावाचंही नाव घेतात, पण मला पावा पटतो. कारण आमच्या सीमेपलीकडे आदिलाबादकडे तेलुगूत बंदुकीला ‘तुपाकी’ म्हणतात. तो तुर्की ‘तुफेक’, आणि जुन्या तुर्कीत त्याचा अर्थ चिमण्या मारायची फुंकनळी. गडचांदूर-आवारपूरच्या खाणीत उडतो तो सुरुंग घ्या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुंगा’ आहे, भुयार या अर्थानं, आणि विद्वान तो ग्रीक ‘सिरिंक्स’पर्यंत नेतात. म्हणजे पुन्हा गुराख्याचा पावाच.

जाता जाता, सुरुंगात भरतात ती दारू. फारसीत दारू म्हणजे औषध, आणि चिनी लोकही बंदुकीच्या दारूला ‘अग्नीचं औषध’ म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. खाणीतली दारू त्या काळातही चालू होती.

तर अर्ज. एकनळी, दुनळी हे शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो आहोत. ‘कॅलिबर परिवर्तन’ लिहिलं तर कारकून दोनदा वाचेल, ‘बोअर बदलणे’ लिहिलं तर आईसारखा कुणीतरी पाण्याची चौकशी करेल. मी लिहिलं: ‘पिस्तुलाची नळी व तिच्यासोबतचे भाग बदलणे, .२२ ऐवजी .३२.’ मला विचाराल तर याहून जास्त मराठी करायची गरज नाही.