पातळ रेघ प, जाड रेघ ब

ट्रोब्रिज या इंग्लंडातल्या गावी 1813 साली जन्मलेल्या आयझॅक पिटमनची शाळा लहानपणीच सुटली. कापड गिरणीच्या कचेरीत कारकुनी, आणि शिक्षण म्हणाल तर पुस्तकांतून, एकट्यानं. त्यामुळे कितीतरी शब्द डोळ्यांच्या ओळखीचे, पण कानांवर कधी न पडलेले. उच्चार चुकत, म्हणून त्यानं वॉकरचा उच्चारकोश पिंजून काढला. पिटमन शॉर्टहँडचं मूळ मला या कोशातच दिसतं.

झटपट लिहायच्या पद्धती आधीही होत्या. सॅम्युअल टेलरची 1786 ची पद्धत पिटमन स्वतः शिकवत असे. तिची स्वस्त पुस्तिका काढावी म्हणून त्यानं बॅगस्टर या प्रकाशकाला विचारलं. टेलर बाजारात आहेच, तुमचं स्वतःचं काही करा, असा सल्ला मिळाला. त्यातून 1837 साली चार पेनी किमतीची ‘स्टेनोग्राफिक साउंड-हँड’ निघाली.

इथे स्पेलिंगला रजा. ‘नाइट’ म्हणजे रात्र असो की सरदार, लिहायचं ऐकू येतं तेवढंच. तोंडात एकाच जागी उमटणाऱ्या दोन ध्वनींना रेघ एकच: तिरकी पातळ काढली की प, दाबून काढली की ब, उभी ट आणि ड, आडवी क आणि ग. अघोष-घोषाची ही जोडी आपल्या वर्णमालेला जुनीच. फक्त आपण कंठातून निघून ओठांवर येतो, पिटमन ओठांपासून आत जातो. ख, घ, भ इंग्रजीला नकोच होते. मराठी लघुलेखनाला त्यांची सोय करावी लागली.

स्वर म्हणजे रेघेच्या कडेचे ठिपके नि बारीक फटकारे. हात वेगात आला की ते गळतात. मग शब्द ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळ छेदतो, यावरून पहिला स्वर ताडायचा.

1840 साली इंग्लंडात एका पेनीत पत्र जाऊ लागलं आणि पिटमननं त्याच वर्षी एकपानी तक्ता काढून टपालानं शिकवणी सुरू केली. दूरशिक्षणाचा हा बराच आधीचा, आणि मोठा हुशार, प्रयोग.

अडचण राहिली ती दाबाची. लवचीक निब किंवा पेन्सिल हवी. बॉलपेननं जाड-पातळ साधत नाही. जॉन रॉबर्ट ग्रेगनं 1888 साली दाब काढूनच टाकला: ट आखूड, ड लांब. अमेरिकेनं त्याला उचलून धरलं. आपल्याकडच्या टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासांत मात्र पिटमनच रुजला, टोक काढलेल्या पेन्सिलींसकट.